विश्लेषण : हजेरी ‘ब्लॉकचेन’वर गेली, तर कामगाराचे दिवस वाचतील?

महिनाअखेरीला कामगार म्हणतो, मी २६ दिवस भरले. कंत्राटदाराचे मस्टर म्हणते २२. मधले चार दिवस कुठे गेले हे ज्या वहीवरून कळायचे, ती वही कंत्राटदाराच्याच कपाटात असते. कारखान्यांच्या फाटकांवर, बांधकामांवर, पालिकांच्या चौक्यांवर हा वाद दर महिन्याला होतो. त्यावर आता नवा उतारा सुचवला जात आहे. हजेरी ‘ब्लॉकचेन’वर नोंदवा, म्हणजे एकदा झालेली नोंद कुणालाच गुपचूप बदलता येणार नाही. मनुष्यबळ व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर विकणारे ‘छेडछाडमुक्त हजेरी’ असे त्याचे वर्णन करतात. हा दावा खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. कामगाराचे नुकसान बहुतेक वेळा उरलेल्या अर्ध्या भागात होते.

एका दिवसाच्या नोंदीचे मोल किती?

हिशेबापुरती रोजंदारी ६०० रुपये धरू. दोनशे कामगारांच्या कंत्राटात प्रत्येकाचा महिन्याला एकच दिवस ‘खाडा’ दाखवला, तर १ लाख २० हजार रुपये बाजूला पडतात. एका दिवसासाठी कुणी कामगार न्यायालयात जात नाही, हे कापणाऱ्याला ठाऊक असते. जादा कामाचे गणित याहून सोपे. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा, असे कारखाने अधिनियम १९४८ मध्येच म्हटले होते. बारा तास काम करून घेतले आणि वहीत आठच लिहिले, तर बुडालेले चार तास दुप्पट दराने आठ तासांचे होतात. म्हणजे एका पाळीत अख्ख्या दिवसाची मजुरी गेली. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी वेतनावर ठरते, त्यामुळे दिवस कापला की तीही कापली जाते.

पण खरी मेख २४० या आकड्यात आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराची सेवा ‘अखंड’ मानली जाते आणि नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय त्याला काढून टाकता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्यातील हा निकष नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ग्रॅच्युइटीसाठीही वर्षाचे २४० दिवसच मोजतात. पगारी सुट्ट्या त्यात धराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितले. तरीही २३० ते २४० दिवसांच्या आसपास हजेरी अडखळलेल्या कामगारांची प्रकरणे कामगार न्यायालयांत नवी नाहीत.

आणि हे दिवस सिद्ध कुणी करायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, कर्नाटकातील वनखात्याच्या एका प्रकरणात, ती जबाबदारी कामगारावर टाकली. त्याचे प्रतिज्ञापत्र एकटे पुरेसे नाही, असे म्हटले. पुढे येल्लट्टी प्रकरणात न्यायालयाने वास्तवाची दखल घेतली. रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते, पावती नसते, तो फार तर मालकाला मस्टर हजर करायला सांगू शकतो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, पुरावाही त्याच्याकडेच मागायचा. मस्टर ‘पावसात भिजले’ की प्रकरण वर्षानुवर्षे रखडते.

मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा २०१४ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. त्यानंतरही पडताळणीत नावांच्या स्पेलिंगमधील फरकांवरून आणि कागदपत्रांवरून अनेकांची प्रकरणे अडकली. कोर्टात जिंकलेला माणूस वहीत हरतो तो असा.

ब्लॉकचेन नेमके काय करते?

नाव बिटकॉइनमुळे गाजले, पण कल्पना त्याआधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये एक साधा प्रश्न मांडला. संगणकावरील दस्तऐवज अमुक तारखेला असाच होता आणि मागाहून बदललेला नाही, हे सिद्ध कसे करायचे? त्यांचे उत्तर ‘हॅश’ या गणिती ठशावर उभे होते. कोणताही मजकूर एका सूत्रातून काढला की ठरावीक लांबीचा एक संकेतांक मिळतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. मजकुरातील ‘२६’ चा ‘२२’ केला, तर संपूर्ण ठसा बदलतो, आणि ठशावरून मूळ मजकूर मात्र ओळखता येत नाही.

आता रोजच्या हजेरीच्या पानावर आदल्या दिवसाच्या पानाचा ठसाही लिहायचा, असे धरू. दहा तारखेचे पान आज बदलले की अकराचा ठसा जुळत नाही, मग बाराचा नाही, अशी सगळी माळ तुटते. हीच ती ‘चेन’. या वहीच्या प्रती एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेकांकडे ठेवल्या की एकट्याने सगळी माळ पुन्हा ओवणेही अशक्यप्राय होते. या प्रती ठेवणाऱ्या संगणकांना ‘नोड’ म्हणतात.

या दोघांच्या पद्धतीवर चालणाऱ्या ‘शुअरटी’ कंपनीने १९९५ पासून आठवड्याचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातीच्या रूपात छापायला सुरुवात केली. घरोघरी, ग्रंथालयांत पोहोचलेला अंक परत गोळा करून बदलणार कोण? वर्तमानपत्राच्या माणसाला ही गोष्ट विशेष आवडते, हे कबूल करायला हवे. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने आलेल्या बिटकॉइनच्या निबंधात एकूण आठ संदर्भ आहेत. त्यातले तीन या जोडीच्या कामाचे आहेत.

हजेरीसाठी बिटकॉइनसारखे खुले जाळे लागत नाही. ५०० कामगार, रोज आत-बाहेरच्या दोन नोंदी आणि २६ दिवस म्हणजे महिन्याला २६ हजार नोंदी होतात. संगणकाच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. मोजक्या परवानाधारक नोडचे बंदिस्त जाळे त्याला पुरते. सरकारी कामांसाठी असे जाळे पुरवणारी ‘विश्वस्य’ ही व्यवस्था केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केली आहे.

मग खोटी हजेरी थांबेल?

नाही. कारण ब्लॉकचेन नोंद झाल्यानंतर तिची राखण करते. नोंद होतानाच ती खोटी असेल, तर खोट्याची राखण तेवढ्याच इमानाने होते.

ब्राझीलमध्ये साओ पावलोजवळच्या फेराझ दी व्हास्कॉन्सेलोस या गावी मार्च २०१३ मध्ये एका डॉक्टरला सिलिकॉनच्या बोटांसह पकडले. रुग्णालयाच्या यंत्रावर ती गैरहजर सहकाऱ्यांचे ठसे उमटवत होती. यंत्र बिनचूक चालले होते. त्याने नोंदवलेली वेळही अचूक होती, फक्त माणूस तिथे नव्हता. हीच नोंद ब्लॉकचेनवर गेली असती, तर ‘बदलता न येणारा पुरावा’ म्हणून कोर्टात मिरवली असती.

आपल्याकडचे उदाहरण मोठे आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. ‘मस्टर’ आणि ‘बोगस मस्टर’ हे दोन्ही शब्द तेव्हापासून गावागावांत रुळले. मनरेगाच्या कामांवरील बोगस हजेरी रोखण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘एनएमएमएस’ हे मोबाइल अ‍ॅप आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सर्व कामांवर सक्तीचे केले. दिवसातून दोन वेळा कामाच्या जागेवरून, ठिकाणाच्या नोंदीसह, मजुरांचे छायाचित्र चढवायचे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र लिहून गैरवापराचे सात प्रकार सांगितले. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात होती. जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून ते ‘थेट’ म्हणून पाठवले जात होते. एकच छायाचित्र अनेक मस्टरना लावले होते. स्त्री-पुरुषांची संख्या फोटोत वेगळी आणि नोंदीत वेगळी होती. दुपारचे छायाचित्र तर कित्येकदा नव्हतेच. यावर मंत्रालयाने सांगितलेला उपाय असा, की ग्रामपंचायत स्तरावर प्रत्येक छायाचित्र माणसाने डोळ्यांनी तपासावे.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. रेंज नसली, फोन बंद पडला, अ‍ॅप अडकले, तर दिवसभर खडी फोडलेल्या मजुराची हजेरी लागत नसे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून दिल्लीच्या जंतरमंतरवर मजुरांनी सुमारे शंभर दिवस आंदोलन केले, त्यात हे अ‍ॅप मागे घेण्याची मागणी होती. चोर फोटोचा फोटो काढून सुटला आणि कष्टकऱ्याचा दिवस गेला. ही नोंद ज्या सर्व्हरवर साठत होती तिथे ब्लॉकचेन असते, तरी यातले काहीच बदलले नसते.

म्हणूनच जे तंत्र दाखल्यांना शोभते, ते हजेरीला तितके शोभत नाही. गडचिरोलीतील एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवरून पडताळता यावीत, असा उपक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला होता. प्रमाणपत्र एका कार्यालयात, एकदाच, सहीशिक्क्याने तयार होते. पुढची भीती फक्त बनावट प्रतीची असते. हजेरी रोज सकाळी, हजार ठिकाणी, हजार हातांनी जन्माला येते आणि त्यातला एक हात मुकादमाचा असतो.

वहीच्या प्रती कुणाकडे?

या तंत्राचा खरा फायदा कुठे असेल, तर तो इथे आहे. विक्रेत्यांच्या सादरीकरणात मात्र या मुद्द्याला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

समजा, एका कंपनीने ब्लॉकचेन हजेरी घेतली आणि चारही नोड स्वतःच्याच चार कार्यालयांत ठेवले. मग एका कपाटाऐवजी चार कपाटे झाली, किल्ली एकच राहिली. चारही यंत्रांचा ताबा असणारा सगळी माळ नव्याने ओवू शकतो. नोड मूळ मालकाकडे, कंत्राटदाराकडे, कामगार आयुक्तालयाकडे आणि युनियनकडे असा वाटला गेला, तरच ‘कुणालाच बदलता येणार नाही’ या वाक्याला अर्थ येतो. माहिती वेगवेगळ्या हातांत असण्याचे महत्त्व भारतातल्या मजुरांना संगणकाआधीच कळले होते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे कागद, मस्टर गावासमोर मोठ्याने वाचले गेले. ज्यांची नावे होती ती माणसे समोर बसलेली होती. कोण कामावर नव्हते आणि कोण हयातच नव्हते, हे ऐकणाऱ्यांना माहीत होते. नोंद आणि ती खरी की खोटी हे जाणणारा माणूस तिथे समोरासमोर आले. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यामागे या सुनावण्यांचा मोठा वाटा होता.

ब्लॉकचेनचा जागतिक प्रयोगही याच प्रश्नाशी येऊन थांबतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्र खाते, कोका-कोला आणि काही तंत्रज्ञान कंपन्या यांनी सक्तीच्या मजुरीविरोधात कामगारांची व त्यांच्या करारांची नोंदवही ब्लॉकचेनवर आणण्याचा प्रकल्प जाहीर केला. करार मागाहून बदलला गेला तर कळेल, हा त्याचा उपयोग. पण करारातच अन्याय असेल, किंवा कामगाराला तो वाचता आला नसेल, तर साखळी मुकीच राहते.

नोंद पुसता येत नसेल, तर चूक कशी सुधारायची?

मुकादमाने घाईत ‘सुनील’ऐवजी ‘सुशील’ निवडला, यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे गेले, दवाखान्यात गेलेल्या बाईचा खाडा लागला, असे रोज घडते. ब्लॉकचेनमध्ये जुनी नोंद खोडता येत नाही, तिच्या पुढे दुरुस्तीची नवी नोंद जोडावी लागते. तत्त्व म्हणून हे चांगले आहे. हिशेबनीसही व्हाइटनर लावत नाही, उलटी नोंद टाकतो. प्रश्न एवढाच की दुरुस्तीची नोंद टाकण्याचा अधिकार कुणाला? तो फक्त पर्यवेक्षकाला असेल, तर वाद होता तिथेच राहिला. तक्रारीची नोंद कामगाराला स्वतः करता आली पाहिजे आणि तीही तितकीच अमिट असली पाहिजे. मग निदान ‘मी त्याच दिवशी सांगितले होते’ हे सिद्ध होते.

दुसरे संकट अमिट नोंदींचेच. बोटांचे ठसे, चेहरा, दिवसभराचे ठिकाण ही माहिती साखळीवर गेली तर ती कायमची गेली. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क देतो. साखळीला पुसणे माहीतच नाही. जाणकारांचा मार्ग असा, की मूळ माहिती साध्या, सुरक्षित सर्व्हरवर ठेवायची आणि साखळीवर फक्त तिचा हॅश टाकायचा. जो विक्रेता ‘आम्ही चेहराच ब्लॉकचेनवर ठेवतो’ असे अभिमानाने सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवलेले बरे.

खाड्याची नोंद कुणासाठी होते, याचाही विचार हवा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या, आजारपणाच्या दिवसांत काम बुडाले की मुकादम दंड कापतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून या बायकांनी सांगितले होते. तिथे खाड्याची नोंद चुकीची नव्हती, दंड चुकीचा होता. अशा ठिकाणी अचूक आणि अमिट हजेरी कापणाऱ्याचेच काम सोपे करते.

मग घ्यावे की नाही?

बहुतेक आस्थापनांना ब्लॉकचेनची गरज नाही, असे आमचे मत आहे. त्यांना गरज आहे ती हजेरी लागताच कामगाराच्या हातात पडणाऱ्या पोचपावतीची. ‘आज आत ८.०२, बाहेर १७.१०’ एवढा मराठी किंवा हिंदी संदेश त्याच्या फोनवर गेला, तरी त्याच्याकडे महिनाअखेरीला स्वतःचे मस्टर तयार असते. साधा फोन असला तरी चालतो. फोनच नसेल तर तिकीट यंत्रातून निघते तशी चिठ्ठी पुरे. चार दिवस कापायचे असतील, तर त्या चार दिवशीच कापावे लागतील आणि तेव्हाच भांडण होईल, सहा महिन्यांनी नाही.

त्यावर दिवसाअखेरीचा एक हॅश जोडणे स्वस्त आहे. दिवसाच्या सगळ्या हजेरीचा एकच ठसा काढायचा आणि तो युनियनला, मूळ मालकाला, कामगार कार्यालयाला ईमेलने पाठवायचा, फाटकावरच्या फलकावरही लावायचा. हेबर-स्टोर्नेटांची पद्धत ती हीच, फक्त वर्तमानपत्राच्या जागी सूचनाफलक. न्यायालयातही त्याचा उपयोग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे आणि त्यात हॅश मूल्य नमूद करावे लागते. त्याच दिवशी चौघांकडे गेलेला ठसा आणि कोर्टात सादर झालेल्या फाइलचा ठसा जुळला नाही, तर मस्टर मागाहून बदलले हे दाखवायला तज्ज्ञ साक्षीदारांची रांग लागत नाही.

पूर्ण ब्लॉकचेनचा खर्च शोभतो तो एकमेकांवर विश्वास नसलेले अनेक पक्ष एकाच नोंदीवर अवलंबून असतात तिथे. एखाद्या बंदरात किंवा मोठ्या प्रकल्पावर वीस कंत्राटदार, त्यांचे उपकंत्राटदार आणि दर सहा महिन्यांनी कंत्राट बदलले तरी तेच कामगार असतात. कंत्राटदार बदलला की जुने मस्टर त्याच्याबरोबर जाते आणि कामगाराची सेवा कागदावर शून्यापासून सुरू होते. ती मोडतोड सामायिक, अमिट नोंदीने थांबू शकते. अशा ठिकाणी फाटकावरच्या फिरत्या दाराची नोंद मूळ मालकाची आणि मस्टर कंत्राटदाराचे, अशा दोन स्वतंत्र नोंदी आधीपासून असतात. त्या रोज आपोआप ताडून पाहिल्या, तर निम्मी लबाडी तिथेच उघडी पडेल. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील हे तत्त्व नव्या संहितेतही आहे. त्यामुळे ही पडताळणी मूळ मालकाच्याही हिताची आहे.

कंत्राटी कामगाराला कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्ड द्यावे, असे १९७१ च्या केंद्रीय नियमांत लिहिले होते. वेतनचिठ्ठीचीही तरतूद होती. ब्लॉकचेन विकायला येणाऱ्याला त्यामुळे पहिला प्रश्न नोडचा विचारू नये. कामगाराला त्याची स्वतःची नोंद कधी दिसते, आणि ती चुकीची असेल तर तो त्याच दिवशी कुठे बोट ठेवू शकतो, हे विचारावे.